पुण्याहून सोलापूरला बाळंतपणासाठी यायचं: कधी, कसं आणि कोणत्या तयारीनं

तुम्ही दोघांनी विचारलंय ते थोडक्यात असं. नोकऱ्या आणि बिऱ्हाड पुण्यात, पहिलंच बाळंतपण, 20 आठवडे नुकतेच पूर्ण झालेत, तारीख 18 मे मिळाली आहे. माहेर सोलापूरला, सासर अक्कलकोटला. आई म्हणते सातव्यातच ये. ऑफिसची अपेक्षा जितकं उशिरा जाल तितकं बरं. त्याआधी चार दिवस दोघांनीच कुठेतरी जाऊन यायची इच्छा आहे, संक्रांतीला गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, आणि तुळजापूरचं दर्शनही मनात आहे. बाळाची खरेदी आधी करू नये असं घरात सांगतात. आणि मिस्टर पुण्यातच राहणार असल्यामुळे ऐन वेळी पोचतील का, ही दोघांनाही धास्ती.

मी सोलापुरात बरीच वर्षं बाळंतपणं करते आहे. पुण्या-मुंबईहून माहेरी येणाऱ्या मुलींची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एका कारणानं: 'माहेरी जायचं' हे ठरलेलं असतं, पण दवाखाना ठरलेला नसतो. नऊ महिने एका डॉक्टरांनी पाहिलेलं असतं आणि शेवटच्या पंधरवड्यात, कधी कळा सुरू झाल्यावरच, दुसऱ्या डॉक्टरपुढे ती पहिल्यांदा येते. तिचं बीपी एरवी किती असतं, साखर कधी वाढली होती, बाळाचं वजन महिन्याभरात किती वाढलं, यातलं काहीच आम्हाला माहीत नसतं. म्हणून आधी दवाखाना नक्की करा. प्रवास, रजा, खरेदी हे सगळं त्यानंतर आपोआप जागेवर बसतं.

संक्रांतीला येणारच आहात, तर त्यातला अर्धा दिवस यासाठी काढा. दोघांनी मिळून दवाखान्यात जा, फाइल दाखवा, नाव नोंदवा. विचारायचं काय ते सांगते, कारण संकोचानं लोक हे विचारत नाहीत. रात्री दोन वाजता सिझेरियनची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? जन्माच्या वेळी बालरोगतज्ज्ञ हजर असतात का? बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर ती सोय इथेच आहे की दुसरीकडे न्यावं लागेल, आणि कुठे? रक्त कुठून आणतात? डॉक्टर स्वतः गावाला गेल्या असतील तर कोण बघणार? कोणताही चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. गर्भारपणात काही गुंतागुंत निघाली तर सिव्हिल, म्हणजे आपलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हाही पर्याय डोळ्यांसमोर असू द्या. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं असल्यामुळे तिथे चोवीस तास डॉक्टर असतात आणि नवजात बाळांचा अतिदक्षता कक्षही आहे. गर्दी बघून लोक नाकं मुरडतात, पण अवघड केस शेवटी तिथेच जाते.

पुण्याच्या डॉक्टरांना सोडायचं नाही. मार्चअखेरपर्यंत तपासण्या तिथेच चालू ठेवा, त्यांना 'बाळंतपण सोलापूरला करणार आहे' असं स्पष्ट सांगा आणि प्रत्येक भेटीला बीपी, वजन, रक्ताचे आकडे फाइलमध्ये लिहून घ्या. बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी झाली नसेल तर या आठवड्यातच करून घ्या, ती 18 ते 20 आठवड्यांत होणं चांगलं. मुलगा की मुलगी हे कोणाला विचारू नका. 1994 च्या कायद्यानं तो विचारणाऱ्याचाही गुन्हा आहे, सांगणाऱ्याचाही. 26 जानेवारी ते 23 फेब्रुवारी हा तुमचा 24 ते 28 आठवड्यांचा काळ. त्यात 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखरेची तपासणी करायची. आकडा 140 किंवा त्याच्या वर गेला तर गर्भारपणातला मधुमेह. बहुतेकींचा आहारानं आणि चालण्यानं आटोक्यात राहतो, पण कळलंच नाही तर बाळ अवाजवी मोठं होतं आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम उतरते. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि मिस्टरांचा पॉझिटिव्ह, तर 28 व्या आठवड्यातलं अँटी-डी इंजेक्शन (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध घटक तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) चुकवायचं नाही.

लोहाच्या गोळ्यांबद्दल एकच. हिमोग्लोबिन 11 च्या खाली नको. गोळी आणि कॅल्शियम एका वेळी घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. जेवणावर लगेच चहा नको. आपली ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, पालेभाजी, वर लिंबू, हे जेवण उत्तम आहे. पुण्यात बाहेरून मागवलेल्या डब्यापेक्षा कितीतरी चांगलं. घरात कोणी मिश्री लावत असेल तर पित्त होतं, मळमळतं म्हणून ती तुमच्या हातावर ठेवतील. ती तंबाखूच आहे. घ्यायची नाही. आणि मिस्टर सिगारेट ओढत असतील तर ती आजपासून बंद, गॅलरीत जाऊनसुद्धा नाही.

आता कधी यायचं. तारखेचा हिशेब लावला तर 6 एप्रिलला तुमचे 34 आठवडे पूर्ण होतात. माझ्या मते मार्चचा शेवटचा आठवडा ते 6 एप्रिल, या दरम्यान सोलापूरला येऊन राहावं. आईंची सातव्याची आठवण चुकीची नाही. पूर्वी बैलगाडीनं, नंतर खड्ड्यांतून एसटीनं यायचं असे, तेव्हा लवकर येणं शहाणपणाचंच होतं. आता तितकी घाई नाही. पण 36 आठवड्यांच्या पुढेही ढकलू नका. कळा दोन-तीन आठवडे आधी सुरू होणं अगदी नेहमीचं आहे आणि त्या महामार्गावर सुरू झाल्या तर कोणाच्याच हातात काही राहत नाही. शिवाय इथल्या डॉक्टरांना तुम्हाला किमान तीन-चार वेळा तपासायला मिळालं पाहिजे.

रजेचं गणितही इथे जुळतं. कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे (आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं) आणि त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे तारखेआधी घेता येतात. तुमच्या बाबतीत म्हणजे 23 मार्चपासून. 6 एप्रिलपासून रजा लावली तर ती 4 ऑक्टोबरला संपते, बाळ तेव्हा साडेचार महिन्यांचं असेल. सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजायचं असतं, तेव्हा हे थोडं तोकडं पडतं. म्हणून ऑफिसला आत्ताच विचारा: एप्रिलचे पहिले दोन-तीन आठवडे सोलापुरातून घरूनच काम करू देतील का? तेवढी रजा पुढे सरकते. तब्येत कुरकुरली तर मात्र हट्ट धरायचा नाही, त्या दिवशीच रजा सुरू.

डोहाळजेवण फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला पुण्यातच करा असं मी सुचवेन. आई-सासूबाई तिकडे येतील, तुम्हाला एक फेरी कमी. सोलापुरातच व्हावं असा सगळ्यांचा आग्रह असेल तर दोन दिवस हाताशी ठेवा. शनिवारी रात्री येऊन रविवारी रात्री परत, असं करू नका.

प्रवास रेल्वेनं करावा हे माझं स्पष्ट मत. पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर. हुतात्मा एक्स्प्रेस किंवा वंदे भारत, दोन्ही गाड्या संध्याकाळी पुण्याहून निघून रात्री सोलापूरला पोचवतात. बसून प्रवास, उठून चालता येतं, स्वच्छतागृह जवळ. खिडकीची जागा सोडा, मधल्या वाटेच्या कडेची घ्या, म्हणजे कोणाला न उठवता तासाभरानं डब्यात एक फेरी मारता येईल. गर्भारपणात रक्त घट्ट होण्याकडे कल असतो, पाय लोंबकळत ठेवून तासन् तास बसलं की पोटरीत गुठळी होण्याचा धोका वाढतो. फेरी मारायची ती यासाठी. स्वच्छतागृहात जावं लागेल म्हणून पाणी न पिणाऱ्या मुली मला खूप भेटतात. असं करू नका, लघवीला जळजळ सुरू होते आणि त्यातून अवेळी कळाही येऊ शकतात.

गाडीनं यायचं ठरलं तर सकाळी लवकर निघा. भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ, चारही ठिकाणी उतरून पाच-दहा मिनिटं चाला. बसायचं मागच्या सीटवर आणि बेल्ट लावूनच. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नाही, पोटाच्या खाली मांड्यांच्या वर. वरचा पट्टा दोन स्तनांच्या मधून. 'पोटाला दाबेल' म्हणून बेल्ट काढून ठेवतात, पण अचानक ब्रेक लागला की बेल्ट नसलेल्या बाईचं पोट समोरच्या सीटवर आपटतं, आणि वार (बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती) वेळेआधी सुटण्याचं हे एक कारण आहे. वाटेत रक्त गेलं, पाणी गेलं, पोट सारखं घट्ट होऊ लागलं तर 'आता सोलापूर जवळच आलंय' म्हणत गाडी दामटू नका. इंदापूर, अकलूज, बारामती, जे जवळ असेल तिथे आधी दाखवा. रुग्णवाहिकेचा 108 नंबर फोनमध्ये असू द्या. फाइल सामानाच्या डिकीत नको, हातातल्या पिशवीत.

दोघांनी चार दिवस जाऊन यायचं म्हणताय ते जरूर जा. पुढची दोन वर्षं असं निवांत जाणं होणार नाही आणि 28 आठवड्यांपर्यंतचा हा काळ त्यासाठी सगळ्यात चांगला आहे. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरा. जागा निवडताना एवढंच बघा की तासाभराच्या आत सिझेरियन होऊ शकेल असा दवाखाना हवा. महाबळेश्वर चालेल, घाटात उलट्या होत असतील तर कोकणातला समुद्रही चालेल. लडाखसारखी उंच ठिकाणं, बोटीवरचे खेळ, घोडा, हे नको. विमानाचं म्हणाल तर 32 आठवड्यांपर्यंत सहसा अडचण नसते, त्यापुढे बहुतेक कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात.

दर्शनाचं जरा सविस्तर सांगते, कारण नाही म्हटलं तर घरातल्या मोठ्यांना वाईट वाटतं. तुळजापूर सोलापूरहून तासाभरावर, पण देवीला पायऱ्या उतरून जायचं आणि त्याच चढून यायचं, वर रांग. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळून साध्या दिवशी सकाळी जा, सोबत खायला ठेवा, रांगेत चक्कर आल्यासारखं वाटलं तर तिथेच खाली बसा. पंढरपूर माघी एकादशीच्या आगेमागे नको. एरवी गेलात तर मुखदर्शन घ्या. अक्कलकोट तर सासरच आहे, तिथे गर्दी नसलेली वेळ घरच्यांना तुमच्यापेक्षा चांगली ठाऊक असेल. आणि गड्डा? सिद्धेश्वराचे नंदीध्वज बघायचे असतील तर मिरवणुकीच्या रस्त्यावर कोणा ओळखीच्यांची गॅलरी शोधा. होम मैदानावरच्या गर्दीत आणि धुळीत, पाळण्यांच्या रेटारेटीत यंदा शिरू नका.

आता मुख्य गोष्ट, तुमच्या प्रश्नांत ती आलीच नाही. तारीख मेची आहे आणि गाव सोलापूर. एप्रिलच्या शेवटापासून इथे पारा 42-43 च्या पुढे जातो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात. बाळंतिणीच्या खोलीचे आपल्याकडचे रिवाज मात्र सगळे थंडीचे: दारं-खिडक्या बंद, कानाला फडकं, बाजेखाली शेगडी, बाळ दुपट्यांत घट्ट गुंडाळलेलं, आणि बाळंतिणीला पाणी मोजून, का तर 'पोट सुटेल'. मे-जूनमध्ये चार-पाच दिवसांची बाळं तापानं फणफणून येतात, लघवी झालेली नसते, टाळू खोल गेलेली असते. त्यांतल्या कित्येकांना जंतुसंसर्ग झालेला नसतो. आईला दूध पुरेसं उतरलेलं नसतं, कारण तिला पाणी मिळालेलं नसतं, आणि बाळ उकाड्यात गुंडाळून ठेवलेलं असतं. अर्थात ताप आला की तो उन्हाचा आहे की जंतूंचा हे घरी ठरवायचं नाही, तासाभरात बालरोगतज्ज्ञांकडे जायचं.

म्हणून खोली आत्ताच ठरवा. माहेरचं घर दोन मजली असेल तर गच्चीखालची खोली नको, ती मध्यरात्रीपर्यंत भट्टीसारखी तापलेली असते. खालच्या मजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली खोली घ्या. पर्याय नसेल तर मार्चमध्येच गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्या, खिडकीला वाळ्याचा किंवा जाड पडदा लावा. पंखा चालतो. कूलर चालतो, फक्त झोत बाळाच्या अंगावर थेट नको, एक खिडकी उघडी हवी आणि त्यातलं पाणी रोज बदलायचं. एसी असेल तर 26-27 वर. लाइट जाण्याचा भरवसा नाही, तेव्हा इन्व्हर्टरची बॅटरी एप्रिलमध्ये तपासून घ्या. शेगडी आणि धुरी खोलीत नको, बंद खोलीतला कोळसा जिवावर बेततो. बाळाला उन्हाळ्यात एक सुती झबलं आणि लंगोट पुरे. पोट-पाठ हाताला गरम नाही, घामट नाही आणि तळवे गार नाहीत, एवढं बघा.

पाण्याचं आणखी एक. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. काही दिवसांआड येतं, मग घराघरांत पिंप, टाक्या, हंडे भरून ठेवतात. डेंगीचा डास नेमक्या अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. प्रत्येक पिंपाला घट्ट झाकण किंवा फडकं बांधा, आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून घासून कोरडं करा, कूलरची टाकीसुद्धा. गर्भारपणात डेंगी झाला तर रक्त थांबवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, उतरतात, आणि तशात कळा सुरू होणं फार अवघड होऊन बसतं. दिवसासुद्धा मच्छरदाणी वापरा.

खरेदीच्या बाबतीत आई आणि तुम्ही दोघीही खूश राहाल असा मार्ग आहे. आधी नवं काही आणू नका. नात्यातल्या, शेजारच्या लहान मुलांची जुनी झबली, टोपडी, लंगोट, दुपटी मागून घ्या. चार-पाच मऊ सुती साड्या आणि धोतरं फाडून लंगोट शिवता येतात. जुनं सूत नव्यापेक्षा मऊ असतं आणि रिवाजही सांभाळला जातो. पण एक काळजी घ्या: ट्रंकेत ठेवलेल्या कपड्यांत डांबरगोळ्या असतात. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक एन्झाइम कमी असतो, अशा बाळाला डांबरगोळीच्या वासाच्या कपड्यांत गुंडाळलं तर रक्तातल्या लाल पेशी फुटून भयंकर कावीळ होऊ शकते. आपल्या बाळाला तो दोष आहे की नाही हे आधी कळत नाही. म्हणून बाळासाठीच्या कपड्यांजवळ डांबरगोळी ठेवायचीच नाही. ट्रंकेतून काढलेलं सगळं महिनाभर आधी दोनदा धुवा, कडक उन्हात वाळवा, वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नका. सोलापुरी चादर मेमध्ये बाळाला नको, पण इथला टॉवेल मात्र हवा, तेवढं नवं घेतलं तरी आई काही म्हणणार नाहीत. पाळणा, गाडी, खेळणी यांची घाई नाही.

दवाखान्याची पिशवी 20 एप्रिलपर्यंत भरून दाराजवळ. तुमचे पुढून उघडणारे गाउन, सुती आतले कपडे, मोठे पॅड, चप्पल, बाळाचे कपडे, टॉवेल, थोडी रोख रक्कम, चार्जर, दोघांची आधारकार्डं, विम्याचं कार्ड, आणि फाइल. रक्त द्यायला तयार असलेल्या दोन माणसांचे नंबर त्या फाइलच्या पहिल्या पानावर. चांदीची वाटी-चमचा पिशवीत घालू नका. मध, गुटी, साखरपाणी, बोटावरचं चाटण, काहीही बाळाच्या तोंडात जाता कामा नये. जन्मानंतर पहिल्या तासात बाळ छातीशी. पहिले दोन-तीन दिवस येतो तो पिवळसर चीक थोडाच असतो, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. 'दूध नाहीये, वरचं द्या' हे वाक्य त्या दिवसांत दहा माणसं म्हणतील. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसात सहा-सात वेळा लघवी करतंय आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलंय, म्हणजे दूध पुरतंय. उन्हाळ्यातही बाळाला वरचं पाणी नको, पाजणं वाढवा. पाणी आईला द्या. डिंकाचे लाडू, अळीव, शेपू, बाळंतशेपा जरूर द्या, पण जोडीला दिवसाला तीन लिटर पाणी, ताक, सरबत. (बीपी वाढलेलं असेल तर मीठ बेतानं.)

न्हाऊ-माखू घालायला बाई लावणार असाल तर लावा, चांगला हात बाळाला फार सुखाचा असतो. त्यांना आधी सांगून ठेवा: कानात-नाकात तेल नाही, नाकात फुंकर नाही, टाळूवर तेल थापायचं नाही, पायावर घेऊन उलटं लटकवायचं नाही, नाळेला काही लावायचं नाही. काजळ नाही. कावीळ वाटली तर मेच्या उन्हात बाळाला ठेवणं हा उपाय नव्हे. पिवळेपणा पायांपर्यंत उतरला किंवा बाळ पिईनासं झालं की दवाखाना.

मिस्टरांसाठी. तुम्ही पुण्यात असणार म्हणून तुमचं काम कमी होत नाही. पहिल्या बाळंतपणात कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत सहसा दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त जातात. फोन आला की रात्री एकट्यानं, डोळ्यांवर झोप असताना, महामार्गावर 120 नं गाडी पळवत यायचं नाही. मिळेल ती ट्रेन, नाहीतर ड्रायव्हर घेऊन या. 27 एप्रिलला 37 आठवडे होतील, तिथून पुढे पुण्याबाहेरची ड्युटी टाळा आणि साहेबांना आत्ताच सांगून ठेवा. खासगी नोकरीत वडिलांना रजेचा कायदा नाही, म्हणून मिळेल ती रजा विचार करून वापरा. माझा सल्ला असा की बाळंतपणाच्या वेळी तीन-चार दिवस या, आणि उरलेली रजा दवाखान्यातून घरी गेल्यानंतरच्या आठवड्यासाठी ठेवा. दवाखान्यात सिस्टर असतात. घरी तिसऱ्या रात्री बाळ रडत असतं, टाके दुखत असतात, आई-मावश्या थकलेल्या असतात, तेव्हा रात्री दोन वाजता बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणारा माणूस हवा असतो.

प्रसूतीच्या खोलीत तुम्हाला घेतील का, हे दवाखान्यावर आहे, संक्रांतीच्या भेटीत विचारा. आपलं माणूस जवळ असलं की कळा सोसणं सोपं जातं. सरकारी दवाखान्यांतही 2017 च्या 'लक्ष्य' या प्रसूतिगृहं सुधारण्याच्या सरकारी कार्यक्रमापासून सोबतीला एक बाई घेण्याची पद्धत मान्य झाली आहे. आणि बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुमची बायको कारण नसताना रडेल, ते आठवड्याभरात ओसरतं. दोन आठवड्यांनीही रडणं, झोप न येणं, 'मला हे जमत नाही', 'बाळाजवळ जावंसं वाटत नाही' असं चालू राहिलं तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. फोनवर रोज 'बाळ कसं आहे' विचारताना 'तू कशी आहेस' हेही विचारा, आणि उत्तर ऐकायला थांबा. घरातल्यांना ते वरवरचं वाटेल, तुम्हाला आवाजावरून कळेल.

शेवटच्या दोन महिन्यांत कशाला घाबरायचं तेही सांगून ठेवते. अंगावरून रक्त, पाणी जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, चेहरा-हात सुजणं, छातीखाली पोटात दुखणं, ताप, आणि बाळाची हालचाल मंदावणं. हालचाल कमी वाटली तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर पडा. दोन तासांत दहा वेळा हललं नाही तर तेव्हाच निघा, सकाळची वाट बघू नका. मुहूर्त काढून सिझेरियन करा असं कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. कारण नसताना 39 आठवड्यांच्या आत काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होतो, पत्रिका कितीही चांगली असो.

बारसं बाराव्या दिवशी म्हणजे ऐन उन्हाळ्यात येईल. घरच्या घरी, सकाळी, मोजक्या माणसांत करा आणि मोठं जेवण पावसाळ्यात ठेवा. अक्कलकोटची मंडळी समजून घेतील. हे त्यांना मिस्टरांनी सांगायचं, सुनेनं नाही.

जन्म सोलापुरात झाला की नोंद सोलापूर महानगरपालिकेतच होते, पुण्यात नाही. 21 दिवसांच्या आत ती विनाशुल्क असते आणि दवाखानाच फॉर्म पाठवतो. त्या फॉर्मवर दोघांची नावं आधारकार्डावर आहेत तशीच, अक्षर अन् अक्षर लिहून द्या. ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट, सगळीकडे हाच दाखला लागतो आणि पुण्यात राहून सोलापुरातल्या दाखल्यातली चूक दुरुस्त करत बसणं हा मोठा व्याप आहे. परतण्याआधी छापील प्रती हातात घ्या.

जन्मतः बीसीजी, पोलिओचा डोस आणि 24 तासांच्या आत हिपॅटायटिस बी दिलं गेलं का ते कार्डावर बघा. सहा आठवड्यांची लस इथेच होईल, 29 जूनच्या आसपास. त्याच सुमारास तुमची स्वतःची तपासणीही करून घ्या. टाके, बीपी, हिमोग्लोबिन, आणि पुढचं मूल कधी हे ठरेपर्यंत कोणतं साधन वापरायचं तेही तेव्हाच विचारा. पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत असं नसतं. गर्भारपणात साखर वाढलेली निघाली असेल तर ग्लुकोजची तपासणी पुन्हा एकदा तेव्हाच. जुलैच्या मध्यावर पुण्याला निघायला माझी हरकत नाही. गाडीनं जाणार असाल तर बाळाची मागे तोंड करून बसवायची सीट मागच्या बाजूला बांधून घ्या, पुढच्या सीटवर मांडीवर नाही. दहा आठवड्यांची लस 27 जुलैच्या सुमाराची, ती पुण्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे, म्हणून लसीकरणाचं कार्डही फाइलच्या बरोबर हातातल्या पिशवीत ठेवा.